काषायाची पकड

हिरड्याचा तुकडा दाढेखाली धरला की क्षणभरात जीभ आखडते आणि गाल आत ओढले जातात. या चवीला आपण तुरट म्हणतो. आयुर्वेदाच्या सहा रसांत तिचं नाव कषाय. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्योच्या निप्पोन बुदोकानमध्ये हाच शब्द एका जपानी मल्लाच्या छातीवर तीस सेकंद ठाण मांडून बसला आणि सगळं सभागृह स्तब्ध झालं. चवीचा शब्द आखाड्यात कसा पोहोचला ते मला सांगायचं आहे. पण वाटेत ज्युदोचे इतके शब्द भेटतात की सरळ तिथे जाववत नाही.

आधी नावच घेऊ. आपली वर्तमानपत्रं कधी 'ज्युडो' छापतात, कधी 'ज्युदो'. जपानीतला हा वर्ण दंत्य आहे, जीभ दाताला लागूनच उमटतो. इंग्रजीच्या आडवाटेने आलेला 'ड' सोडून 'द' घ्यायला आपल्याला काहीच अडचण नाही. दोन्ही अक्षरं आपल्या घरची आहेत. 'जू' म्हणजे मृदू, लवचीक. त्याची चित्राक्षरी लिपीतली खूण पाहावी: वर भाला, खाली झाड. जुन्या चिनी कोशाने तिचा अर्थ दिला आहे तो वाकवता येणाऱ्या आणि पुन्हा सरळ होणाऱ्या लाकडाचा. म्हणजे हा मऊपणा लोण्याचा नव्हे, वेताचा. 'दो' म्हणजे मार्ग. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योच्या एइशोजी नावाच्या मंदिरात बारा तातामी चटयांच्या जागेत आपली शाळा सुरू केली, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं एकवीस. त्याआधी या विद्येला 'जुजुत्सू' म्हणत, आणि 'जुत्सू' म्हणजे कसब, हुन्नर. कानोंनी 'जू' तसाच ठेवला आणि 'जुत्सू'च्या जागी 'दो' आणला. 'ज्युदो' हा शब्द त्यांनी घडवलेला नव्हे. एका जुन्या परंपरेत तो आधीपासून होता. पण आज जग तो ज्या अर्थाने उच्चारतं, तो अर्थ त्यांचा. त्यांच्या शाळेचं नाव कोदोकान, म्हणजे मार्गाचा अभ्यास करायचं घर.

आता एक व्याकरणाची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय ज्युदोची नावं गोंधळात टाकतात. कमरेला जपानीत 'कोशी' म्हणतात, पण डावाचं नाव 'ओ-गोशी'. चाकाला 'कुरुमा', पण डाव 'हिझा-गुरुमा', म्हणजे गुडघ्याचं चाक. जखडण्याला 'कातामे', पण पकड 'केसा-गातामे'. आवळण्याला 'शिमे', पण गळा आवळण्याचा प्रकार 'हादाका-जिमे'. समासात दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीचा क ग होतो, श ज होतो. ह चा तर ब होतो, कारण जपानीतला ह फार पूर्वी प होता. शाळेत आपण वाक् अधिक ईश वागीश, जगत् अधिक ईश जगदीश घोकलं, ती खोड हीच. फरक एवढाच, की आपल्याकडे पहिल्या शब्दाचं शेपूट बदलतं आणि तिकडे दुसऱ्याचं तोंड. या बदलाला जपानी वैयाकरण 'रेन्दाकू' म्हणतात, आणि त्यातल्या 'दाकू'चा अर्थ आहे गढूळ. स्वच्छ क गढुळला की ग. आपलं व्याकरण मात्र क ला कठोर म्हणतं आणि ग ला मृदू. कठोर वर्ण दुसऱ्या शब्दाला भिडताच मृदू होतो, ही गोष्ट ज्या विद्येच्या नावातच मृदुता आहे तिच्या शब्दांना जपानीपेक्षा मराठीतून अधिक शोभते, असं मला मनापासून वाटतं.

या नावांची खरी श्रीमंती क्रियापदांत आहे. पायाचे डाव पाहा. 'ओ-सोतो-गारी'मध्ये 'ओ' म्हणजे मोठा, 'सोतो' म्हणजे बाहेरून (आपल्या कुस्तीतही टांग आतली आणि बाहेरची असते), आणि 'गारी' हे 'कारु'चं रूप. कारु म्हणजे कापणी करणं, भात कापणं. त्याच्या अक्षरात उजव्या अंगाला सुरीची खूण आहे. 'देआशी-बाराइ'मधलं 'बाराइ' आलं 'हाराउ'पासून, म्हणजे झाडणं, झटकणं. 'को-सोतो-गाके'मधलं 'गाके' आलं 'काकेरु'पासून, म्हणजे अडकवणं, खुंटीला टांगणं. तिन्हींत आपला पाय समोरच्याच्या पायाला लागतो आणि तो पडतो. पाहणाऱ्याला तिन्ही एकच वाटतील. मग तीन क्रियापदं कशाला?

उत्तर भाताच्या खाचरात आहे. मावळात किंवा कोकणात कापणी पाहिलेल्याला ते लगेच पटेल. डाव्या मुठीत भात धरून किंचित कलतं करायचं आणि उजव्या हातातला विळा बुंध्याशी आपल्याकडे ओढायचा. भात मुळाशी घट्ट रुतलेलं असतं, म्हणून तर कापावं लागतं. ओ-सोतो-गारीत नेमकं हेच घडतं. दोन्ही हातांनी समोरच्याचं वरचं अंग मागे कलवून त्याचा सगळा भार एका पायावर आणायचा, आणि जमिनीत रुतलेला तो पाय मागून कापून काढायचा. हात म्हणजे मूठ, पाय म्हणजे विळा. देआशी-बाराइत मात्र समोरच्याचं पाऊल जमिनीला टेकण्याच्या बेतात असतं, त्यावर भार अजून पडलेला नसतो. तिथे कापण्यासारखं काही नाही. पालापाचोळा दूर सारावा तसं ते पाऊल झाडून न्यायचं. भार असेल तर गारी, नसेल तर बाराइ. क्रियापद चुकलं की डावही चुकला: भार नसलेला पाय कापायला गेलं तर नुसती हवा कापली जाते आणि रुतलेला पाय झाडायला गेलं तर आपलीच नडगी दुखते. नवशिक्याला तासभर समजावूनही जे सांगता येत नाही, ते क्रियापदाने आधीच सांगून ठेवलेलं असतं. (हाराउचा आणखी एक अर्थ पैसे चुकते करणं. जपानी माणूस खांद्यावरची धूळही हाराउ करतो आणि दुकानदाराचं देणंही. अंगावरचं काहीतरी दूर करून मोकळं होणं दोन्हींत आहे.)

कानोंचा आवडता डाव होता 'उकी-गोशी', तरंगती कमर. समोरच्याला कमरेवर क्षणभर तरंगवून फिरवायचं. त्यांचा शिष्य शिरो साइगो चपळ होता. कमर आत शिरली की तो तिला वळसा घालून पलीकडे उडी मारायचा. मग कानोंनी कमरेच्या जोडीला पाय दिला. उडी मारून निसटणाऱ्याला त्याच पायाने झाडून घ्यायचं. तो झाला 'हाराइ-गोशी'. गुरुशिष्यांच्या झटापटीतून नवा डाव निघाला आणि त्याच्या नावात ते झाडणं कायमचं राहून गेलं.

'त्सुरिकोमी' हा शब्दही असाच. त्सुरु म्हणजे गळाने मासा धरणं, वर टांगणं. अंगरख्याची बाही आणि गळपट्टी धरून समोरच्याला ओढायचं ते सरळ आपल्याकडे नव्हे, आधी वर आणि मग आत. मासा गळाला लागल्यावर काठी जशी आधी उचलली जाते, तसं. इंग्रजी भाषांतरात हे नुसतं उचलून ओढणं होतं आणि काठी, दोरा, पाणी सगळं नाहीसं होतं.

'सेओइ-नागे' पाहिला की मराठी माणूस म्हणेल, हा तर आपला धोबीपछाड. आहेच. समोरच्याचा हात धरून, त्याच्याकडे पाठ फिरवून, खांद्यावरून त्याला पुढे आणायचं. पण दोन भाषांनी या एकाच हालचालीचे वेगवेगळे क्षण टिपले आहेत. धोबीपछाड डावाच्या शेवटाकडे पाहतो: खांद्यावरून आलेला कपडा दगडावर आपटला, तो आवाज त्या नावात आहे. सेओइ सुरुवातीकडे पाहतो. 'से' म्हणजे पाठ, 'ओउ' म्हणजे वाहून नेणं. पाठीवर ओझं घेतलं, एवढंच तो म्हणतो. जपानमधल्या अनेक जुन्या शाळांच्या आवारात पाठीवर लाकडाची मोळी घेऊन पुस्तक वाचत चाललेल्या निनोमिया किंजिरो या मुलाचे पुतळे असत. ते ओझं आणि हे ओझं एकाच क्रियापदाचं. शिकणाऱ्याला सेओइ अधिक उपयोगी, कारण ओझं उचलताना आपण गुडघे वाकवून त्याच्याखाली जातो आणि या डावाची सगळी गोम तिथेच आहे. ऐकणाऱ्याला मात्र धोबीपछाड. म्हणूनच निवडणुकीच्या बातम्यांत तो अजून जिवंत आहे. शब्द हिंदुस्थानीच्या अंगाने आपल्याकडे आला. नाहीतर मराठीचा स्वतःचा शब्द परीट आहे. कुस्ती, पैलवान, पेच हे फारसीतून आलेले आणि वस्ताद म्हणजे उस्ताद. आपली लाल माती आपली असली तरी तिच्यावरची भाषा अनेक वाटांनी आली, आणि त्यात मला काहीच उणं वाटत नाही.

'काता-गुरुमा'ची कथा कानोंच्या तरुणपणची. फुकुदा नावाच्या जुजुत्सूच्या गुरूंच्या तालमीत शिकताना फुकुशिमा नावाचा एक भारी अंगाचा सोबती त्यांना सारखा पाडायचा. कानो ठेंगणे आणि हलके. त्यांनी आधी सुमोचे डाव करून पाहिले, ते चालले नाहीत. मग त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीवरची पुस्तकं धुंडाळली, आणि तिथे सापडलेल्या एका डावाने फुकुशिमाला खांद्यांवर आडवा उचलून टाकला. पुढे त्या डावाला नाव मिळालं काता-गुरुमा, खांद्याचं चाक. पण हा शब्द जपानी घरांत आधीपासून होता आणि आजही आहे. बाप लहान मुलाला खांद्यावर बसवून जत्रा दाखवतो ना, त्याला जपानीत काता-गुरुमाच म्हणतात. परदेशी पुस्तकातून आलेल्या डावाला कानोंच्या शाळेत बापाच्या खांद्याचं नाव मिळालं.

काही नावं निसर्गातून आली आहेत. 'तानी-ओतोशी' म्हणजे दरीत पाडणं. 'कुचिकी-ताओशी' म्हणजे कुजलेलं झाड लोटणं. 'तावारा-गाएशी' म्हणजे तांदळाचं पेंढ्याचं पोतं उलटणं. 'यामा-आराशी', डोंगरातलं वादळ, हा त्याच शिरो साइगोचा डाव. त्याच्यावरून बेतलेल्या नायकाची 'सुगाता सान्शिरो' ही कादंबरी १९४२ साली आली आणि पुढच्याच वर्षी आकिरा कुरोसावा यांनी त्यावर आपला पहिला चित्रपट केला. उच्चाराने यामाआराशी म्हणजे साळिंदरही, पण ते वेगळ्या अक्षरांनी लिहितात. एखाद्या डावाला मात्र माणसाचं नाव चिकटतं. हात मुरडून जखडण्याच्या डावाला जपानीत 'उदे-गारामी' म्हणतात, म्हणजे हाताची गुंतवळ. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचे ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी त्याच डावाने ब्राझीलच्या एलिओ ग्रेसी यांना हरवलं, आणि ब्राझीलमध्ये त्या डावाचं नावच 'किमुरा' पडलं. हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचं नाव डावाला द्यावं, यात मला मोठेपणा दिसतो.

आता हिरड्याकडे परत येऊ. कषाय ही आधी चव. मग त्या चवीच्या साली, फळं उकळून केलेला काढाही कषाय. गोव्यात आणि सारस्वतांच्या घरी धने-जिऱ्याचा कसाय अजून होतो, तो हाच शब्द. तुरट सालींच्या पाण्यात कापड बुडवलं की त्यावर मातकट तांबूस रंग चढतो, म्हणून कषाय हा रंगही. त्या रंगाचं वस्त्र ते काषाय. बौद्ध भिक्खूंच्या वस्त्राला आपण चीवर म्हणतो. त्याचा रंग काषाय. हा शब्द धम्माबरोबर चीनमध्ये गेला. तिथे त्याचा उच्चार झाला 'जियाशा', आणि लिहिण्यासाठी दोन अक्षरं वापरली गेली, ज्यांच्या वरच्या भागात नुसता आवाज आहे आणि दोन्हींच्या तळाशी कापडाची खूण. जपानमध्ये तो झाला 'केसा'. चव गेली, काढा गेला आणि शेवटी रंगही गेला; जपानी केसा जांभळा असतो, जरतारीचाही असतो. उरली ती पांघरण्याची तऱ्हा: डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली, तिरपी. अजिंठ्यात एक खांदा उघडा असलेली बुद्धमूर्ती पाहिलेल्याला ती वेगळी सांगायला नको.

तिरपेपणाच्या अर्थाने मग हा शब्द जपानीत खूप फिरला. खांद्यापासून तिरपा तलवारीचा वार तो 'केसा-गिरी'. आणि राईचा पर्वत करणाऱ्या बोलण्याला जपानी माणूस म्हणतो 'ओगेसा', अक्षरशः मोठं काषाय. केसाचं गेसा झालं ते मघाच्याच नियमाने. ज्युदोत समोरचा उताणा पडला की त्याच्या कुशीला बसून, एक हात त्याच्या मानेखालून घालून, दुसऱ्याने त्याचा हात आपल्या काखेत दाबून, आपली छाती त्याच्या छातीवर तिरपी टेकवायची. खांद्यापासून काखेपर्यंत भिक्खूचं वस्त्र असावं, तसं आपलं शरीर त्याच्यावर पांघरलं जातं. ही केसा-गातामे. इंग्रजीत या पकडीला गळ्याभोवतीच्या स्कार्फचं नाव दिलं गेलं. मला ते भाषांतर फार लागतं. स्कार्फ मानेभोवती असतो, आणि या पकडीचं सगळं बळ मानेत नसून छातीवरच्या त्या तिरप्या रेषेत आहे. स्कार्फ समजून नुसती मान आवळणारा सहज उलटतो.

१९६४ साली ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तोही तोक्योत. सर्वांत मानाचा होता तो वजनाची मर्यादा नसलेला खुला गट. तिथे जपानच्या आकिओ कामिनागापुढे उभा राहिला नेदरलंड्सचा आंतोन खेसिंक, जवळपास दोन मीटर उंचीचा. मृदुतेने बळावर मात करायची ही विद्या, आणि तिच्या माहेरी हा धिप्पाड परदेशी. खेसिंकने कामिनागाला खाली घेतलं आणि केसा-गातामेत धरलं. तेव्हा पकड तीस सेकंद टिकवावी लागे. ती टिकली. आनंदाने मॅटवर धावू पाहणाऱ्या आपल्या देशबांधवांना खेसिंकने तिथूनच हात उंचावून थांबवलं. आधी नमस्कार व्हायचा होता. जपानला त्या दिवशी वाटलं की आपली विद्या परक्याच्या हाती गेली. मला त्या चित्रात दुसरंच दिसतं. युरोपातला एक माणूस जपानी विद्येने जिंकत होता, आणि त्या पकडीच्या नावात हिरड्याचा रस होता.

आणि तो शब्द तिथे एकटा नव्हता. ज्या जागेत ज्युदो शिकतात तिला 'दोजो' म्हणतात. आज जगभर दोजो म्हणजे तालीम. पण चिनी भाषांतरकारांनी ही दोन अक्षरं वापरली होती 'बोधिमंड' या शब्दासाठी, बोधगयेच्या पिंपळाखालच्या त्या जागेसाठी जिथे सिद्धार्थ बुद्ध झाला. 'सुतेमी-वाझा' म्हणजे ज्यात आपण स्वतः आधी खाली पडतो ते डाव. 'तोमोए-नागे' त्यांतलाच: स्वतः पाठीवर जाऊन, समोरच्याच्या पोटाला पाय लावून त्याला डोक्यावरून पलीकडे टाकायचं. सुतेमी म्हणजे देह टाकणं. हीच दोन अक्षरं चिनी धाटणीने वाचली की होतं 'शाशिन', आणि तो बौद्ध ग्रंथांतला देहत्याग आहे. भुकेल्या वाघिणीपुढे बोधिसत्त्वाने स्वतःला टाकलं, त्या जातककथेचं जपानी नाव याच दोन अक्षरांनी सुरू होतं. नाराजवळच्या होर्युजी मंदिरातल्या प्राचीन देव्हाऱ्यावर ती रंगवलेली आहे. तोमोए-नागे करणाऱ्या मुलाच्या मनात वाघीण नसते हे खरं. पण स्वतःला पूर्ण टाकल्याशिवाय तो डाव लागत नाही. अर्धवट पडणारा समोरच्याला अंगावर घेतो.

हरल्याचा शब्दही ऐकण्यासारखा आहे. गळा आवळला गेला किंवा कोपर ताणलं गेलं की दोनदा थोपटायचं किंवा म्हणायचं 'माइत्ता'. हे 'माइरु' या क्रियापदाचं रूप. माइरु म्हणजे नम्रपणे जाणं किंवा येणं. देवळात दर्शनाला जाण्यालाही तेच क्रियापद. मराठीत त्याचा अर्थ सांगायला कोश उघडावा लागत नाही. शरण आलो.

पण हे सगळं नंतरचं. ज्युदो शिकायला आलेल्या मुलाला पहिले काही दिवस कुणालाच पाडू देत नाहीत, पडायला शिकवतात. त्याला म्हणतात 'उकेमी', अक्षरशः झेलणारं अंग. जपानी शाळेत व्याकरणाच्या तासालाही मुलं उकेमी शिकतात, तिथे त्याचा अर्थ 'रावण मारला गेला' या धाटणीचा प्रयोग, ज्याला आपली व्याकरणं नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. आपण तो सकर्मक क्रियापदांपुरता ठेवतो. जपानी माणूस पावसात भिजून आला की म्हणतो 'आमे नी फुरारेता', म्हणजे पावसाकडून माझ्यावर पडलं गेलं. पडणं पावसाचं, सोसणं माझं. मराठीला हे जमत नाही. ती म्हणते पावसाने गाठलं, आणि कर्ता पाऊसच राहतो. जपानी व्याकरणात सोसणाऱ्याला वाक्याच्या पहिल्या जागी बसता येतं. दोजोमध्ये तो तसाच बसतो. हनुवटी छातीशी, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकण्याच्या क्षणी खांद्यापासून तळव्यापर्यंत सबंध हात तातामीवर आपटायचा. आवाज जितका मोठा, तितकं लागलेलं कमी. संध्याकाळच्या वर्गाबाहेर उभं राहिलं की तो आवाज एकामागून एक येत राहतो, आणि जुन्या माणसाला न पाहता कळतं, यातलं कोण नीट पडलं.